अम्मीच्या दोन तारखा

७ सप्टेंबर २०२५, रविवार

१. १३ एप्रिलला अब्बा आणि अम्मी अमेरिकेत उतरले. माझ्या भावाकडे, अरसलानकडे, न्यू जर्सीला. तिकिटं मी काढली होती.
२. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने दोघांना १२ ऑक्टोबरपर्यंत राहायची परवानगी दिली.
३. दोघांच्या पासपोर्टमधला व्हिसा २०३३पर्यंतचा आहे.
४. मे महिन्यात अब्बा एकटेच परत आले. 'तिथं बोलायला माणूस नाय.' अम्मी राहिली. अरसलानच्या बाळाला, अरमानला, सांभाळायला.
५. अम्मीचं परतीचं तिकीट ४ ऑक्टोबरचं होतं.
६. आज सकाळी विमान कंपनीचा ईमेल आला. तिकीट १० जानेवारीचं झालंय. बदल अरसलानने केला.
७. मला कोणी विचारलं नाही.

दोन आणि सहा एकत्र वाचले की झालं. बाकी काही वाचायची गरज नाही.

तरी लिहून ठेवते, कारण घरात हे फक्त मला कळतंय असं दिसतं. व्हिसा म्हणजे दार वाजवायची मुभा. २०३३पर्यंत कितीही वेळा जा, दार वाजवा. आत किती दिवस राहायचं ते दारावरचा माणूस दर वेळी नव्याने ठरवतो. त्याने दिलेल्या तारखेपेक्षा एक दिवस जरी जास्त राहिलात, तर तो २०३३वाला व्हिसा आपोआप रद्द! मग पुन्हा पहिल्यापासून अर्ज, पुन्हा मुलाखत, आणि कपाळावर कायमची नोंद — ही बाई सांगितल्या दिवशी गेली नव्हती. फारच जास्त राहिलात तर बंदी. वर्षांच्या हिशेबात.

राहायचं असेल तर सरळ रस्ता आहे. १२ ऑक्टोबरच्या आत मुदतवाढीचा अर्ज टाकायचा. कारण लिहायचं. बस्स.

पण त्यासाठी आधी दोन तारखा वेगळ्या आहेत हे मान्य करावं लागतं.


८ सप्टेंबर

ऑफिसची बस यायच्या आधी अरसलानला फोन. समोर त्याला भाई म्हणते. इथे म्हणायची गरज नाही.

'अगं, दहा वर्षांचा व्हिसा हाय तिचा. टेन्शन कशाला घेतेस?'

हा बोलणारा माणूस कोण? ज्याने स्वतःच्या व्हिसाच्या तारखा फ्रिजवर लाल पेनने लिहून चिकटवल्यात. मी पाहिलंय. व्हिडिओ कॉलवर मागे दिसतं.

'भाई, परवानगी बारा ऑक्टोबरला संपते. तुला माहीत आहे.'
'वाढवून घेऊ ना.'
'अर्ज टाकलास?'
'टाकतो.'
'कधी?'
'टाकतो म्हटलं ना! तू काय माझी मॅनेजर हायस?'

मागून बतूल — भाभी — विचारत होती, 'कोण?' तो म्हणाला, 'कोण असणार!'

जानेवारीच का, हे विचारायची गरज नव्हती. अरमानला पाळणाघरात जागा जानेवारीपासून मिळणार. बतूलनेच ऑगस्टमध्ये स्टेटस टाकलं होतं, नाचणाऱ्या बाहुलीसकट. म्हणजे अम्मी कोण? जागा मिळेपर्यंतची सोय! सोय संपली की परत पाठवायची. मधल्या काळात तिचा व्हिसा रद्द झाला तर झाला. तोवर पोरगं मोठं झालेलं असेल.

किळस आली. बसमध्ये बसल्यावरही गेली नाही.


९ सप्टेंबर

भाईचा मेसेज: 'चिल.' आणि दोन हसरे चेहरे. अर्जाबद्दल अक्षर नाही.


१० सप्टेंबर

अब्बांना सांगितलं. चूक केली.

'मना व्हिसा शिकवतेस?'

अब्बा सव्वीस वर्षं कुवेतला होते. म्हसळ्याकडच्या आमच्या गावात ज्याला आखातात जायचं असेल तो आधी अब्बांकडे कागद घेऊन यायचा. अब्बा सुटीवर असले की ओटीवर रांग. ते चष्मा न लावता तारीख वाचायचे आणि एका शब्दात सांगायचे — जा. किंवा — थांब. त्यांचं कधी चुकलं नाही, हेही खरं. तिकडे राहायचा परवाना ज्या तारखेपर्यंत, त्या तारखेपर्यंत माणूस. कागद एक, तारीख एक. आता तेच माप ते अमेरिकेला लावतात.

स्वतःचा पासपोर्ट आणून माझ्या ताटाशेजारी आपटला.

'हे काय लिहिलंय? दोन हजार तेहतीस. म्हणजे दोन हजार तेहतीस.'
'ती दाराची तारीख आहे अब्बा. राहायची वेगळी असते.'
'वेगळी कशाला असंल? सरकार काय येडं हाय?'
'तुम्हालाही बारा ऑक्टोबरच दिली होती. त्या काउंटरवरच्या माणसाने.'
'माणूस कसला, पोरगा होता तो. मिसरूड फुटली नव्हती. हाऊ लाँग, हाऊ लाँग करत होता. मी सांगितलं त्याला, टेन इयर्स! तो हसला.'

हसला! अब्बांना अजूनही वाटतं तो कौतुकाने हसला.

मग कळलं की अरसलानने त्यांना आधीच फोन केला होता. 'अब्बा, तुम्हाला तर व्हिसाचं सगळंच ठाऊक हाय, तुम्हीच अलिशाला समजवा.' व्यवस्थित लोणी लावलंय. घट्ट थर.

आणि अब्बांचं काय अडतंय? चहा मी करते, डबा मी करते, गोळ्या मी देते. अम्मी इथे असली काय, तिथे असली काय. त्यांचं ताट वेळेवर येतंय.


१४ सप्टेंबर, रविवार

आज सगळ्या सोसायटीसमोर झालं.

भाजी घेऊन येत होते. गेटजवळच्या बाकावर अब्बांचा दरबार भरला होता. समोर पाचव्या मजल्यावरचे अरविंदकाका आणि वैजयंतीकाकू. त्यांची ईश्वरी टेक्सासला असते, डिसेंबरात ते दोघं पहिल्यांदाच जाणार आहेत.

अब्बा सांगत होते, 'काय सहा महिने नि सहा महिने! दहा वर्षांचा शिक्का हाय तुमचा. बिनधास्त राहा. मी सव्वीस वर्षं काढली बाहेर.'

'म्हणजे नजीबभाई, रिटर्न तिकीट काढूच नको म्हणता?'

'वन वे! यायचं तेव्हा बघा.'

मी एरवी मध्ये बोलत नाही. पिशवी खाली ठेवली.

'काका, रिटर्न काढा.'

अब्बा गेटकडे बघायला लागले. मी दोन वाक्यांत सांगितलं — व्हिसा दार वाजवण्यापुरता, मुक्काम तिथे उतरल्यावर ठरतो, ती तारीख त्यांच्या वेबसाइटवर दिसते, उतरल्या दिवशीच बघून घ्या. काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. काकूंनी मात्र टाळीच वाजवली.

'अहो, सोपं आहे! माहेर. माहेराचं दार काय, जन्मभर उघडं. पण या खेपेला किती दिवस राहायचं, ते पोचल्यावर वहिनीचं तोंड बघूनच कळतं ना!'

अरविंदकाका इतके हसले की वॉचमन बघायला आला. 'माझ्या बहिणीच्या वेळी तुझं तोंड कसं असायचं ते सांग ना मग!'

'दोन दिवसांचं,' काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, 'आणि एक दिवस जास्त राहिलं तर माहेर बंद.'

'अगदी! आमच्या धाकटीचं तसंच झालंय.'

अब्बा हसले नाहीत. लिफ्टमध्ये म्हणाले, 'चार माणसांत बाप खोटा पडला. बरं वाटलं?'

'खोटे नाही अब्बा. चुकीचे.'

'फरक काय त्यात?'

फरक आहे. अरसलान खोटा आहे, अब्बा चुकीचे आहेत. किळस दोघांची येते, पण वेगवेगळी. खोट्याची पोटात येते. चुकीच्याची घशाशी.


१६ सप्टेंबर

अब्बांनी हलवा मासा आणला. कालचा नाही, परवाचा. पिशवी उघडल्यावर शेजारच्या खोलीपर्यंत वास. फेकून दिला. अब्बा ओरडले, मी ऐकून घेतलं, ओटा दोनदा धुतला, तरी वास हाताला.

संध्याकाळी बेलपाड्याच्या गोजराबाईकडे गेले. अम्मी वर्षानुवर्षं तिच्याकडूनच मासे घेते.

'बाई, परवाचा मासा दिलात.'

'तुज्या बापाला दिला,' तिने तोंडही वळवलं नाही. 'त्यो कल्ला उघरून बघतंय कुठं? हुबा र्‍हातो सायेबासारका, नि पैसं देतो. तुजी आय आसती तं माज्या उरावर बसली आसती. कंदी येतंय ती?'

'येईल.'

'नको यव देव लवकर,' गोजराबाई म्हणाली आणि खदाखदा हसली. 'माजा धंदा बरा चाललाय!'

गंमत म्हणून म्हणाली असेल. मला हसू आलं नाही.


१८ सप्टेंबर

व्हिडिओ कॉल. शेवटी अम्मी दिसली.

जेवायला बसले होते. बसले — अम्मीसुद्धा! खुर्चीवर. आणि बतूल तिला वाढत होती. 'अम्मी, अजून एक घ्या ना.' इथे मी अम्मीला कधी आधी जेवताना पाहिलेलं नाही. अब्बांचं होईपर्यंत ती ओट्याला टेकून उभी. आणि तिथे ही थाटमाटाची बैठक! कॅमेरा सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं काय होतं ते मला बघायचं होतं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दाखवायला तयार केलेला स्क्रीन मला लांबून ओळखू येतो.

अम्मीच्या पायात पांढरे स्पोर्ट्स शूज.

'हे काय?'
'चालायला जाते. तळ्यापर्यंत.'
'कोणाबरोबर?'
'कोणाबरोबर म्हणजे? माझी मी.'
'आणि बाळ?'
'बाळाला बाप हाय की.' सगळे हसले.

मी विचारलं, 'अम्मी, तुझी राहायची परवानगी कधी संपते, माहीत आहे तुला?'

ती ताटाकडे बघायला लागली. 'अरसलान बघतो ते. तू जेवलीस?'
'इथे सकाळ आहे.'
'हां, सकाळ. अब्बांनी गोळी घेतली?'
'पासपोर्ट कुठे आहे तुझा?'
'अरसलानकडं. तिजोरीत ठेवलाय.'
'का?'
'असू दे.'

असू दे! पासपोर्ट दुसऱ्याच्या तिजोरीत, किल्ली दुसऱ्याकडे, आणि बाई म्हणते असू दे. मग तिने विषय बदलला. मी कॉल बंद केला तेव्हा ती काहीतरी गुणगुणत उठत होती. तेही कॅमेऱ्यासाठी?


२० सप्टेंबर

पासपोर्टचं अब्बांना सांगितलं. वाटलं, निदान आता तरी चिडतील.

'मग? बरोबर हाय. कफीलकडंच असतो पासपोर्ट.'

कफील म्हणजे कुवेतचा मालक, ज्याच्या नावावर माणूस तिथे राहतो. अब्बांचा पासपोर्ट सव्वीस वर्षं त्याच्या कपाटात होता. चाळीस जणांचे एका कप्प्यात, रबर लावून. सुटी मंजूर झाली की काढून द्यायचा. हे अब्बा इतक्या सहज सांगतात की जणू चपलांचं कपाट.

'अब्बा, तो मालक होता. हा मुलगा आहे.'
'म्हणून तर काळजी नाय.'

बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. पोटच्या पोराने आईचा कफील व्हायचं, आणि बापाने म्हणायचं, बरोबर हाय!


२१ सप्टेंबर

भाईला मेसेज: 'अर्ज टाकला असेल तर पावतीचा नंबर पाठव.' वाचला. उत्तर नाही.


२३ सप्टेंबर

आज फोन उचलला.

'टाकला?'
'अगं, भरून ठेवलाय. एक गोष्ट अडलीय.'
'कोणती?'

तो म्हणाला, 'तू अम्मीशी बोल ना.'

'अम्मीशी काय बोलू? तिला तारीख तरी माहीत आहे का? तू तिला कोंडून —'

'कोंडून?' तो हसला नाही. 'अलिशा, तुला काही माहीत नाय. अम्मीशी बोल.'

तेवढ्यात बतूलने फोन घेतला. मी तिला कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

'तू आम्हाला समजतेस काय गं? मोलकरीण आणलीय आम्ही? रोज तेच. पासपोर्ट कुठे, पावती कुठे! बरं, एक सांग — तुला अम्मी कशाला हव्यात?'

'कशाला म्हणजे? माझी आई आहे!'

'हां. आणि तिथे मासे कोण साफ करतंय सध्या? डबा कोण करतंय? अब्बांचे कपडे कोण भिजवतंय?'

मी फोन ठेवला.

निर्लज्ज बाई. आपलं लपवायला माझ्यावर शिंतोडे. सगळं खोडून काढता येईल. फक्त मासे आज सकाळी मीच साफ केले होते.


२७ सप्टेंबर, शनिवार

सुटी. घरात दिवसभर अब्बांबरोबर. लिहून काढल्याशिवाय हे डोक्यातून जाणार नाही.

ते हॉलमधून हाक मारतात — 'पाणी!' पाण्याची बाटली त्यांच्यापासून चार पावलांवर असते. नखं कापून तिथेच ठेवतात, बशीत. चहाच्या बशीत! ओला टॉवेल माझ्या लॅपटॉपवर. खाकरणं, थुंकणं, बेसिन न धुणं. जेवताना मान वर न करता ताट पुढे सरकवणं, म्हणजे आणखी वाढ. भांडं जागेवर नसलं तर 'तुझी अम्मी असती तर'. हे एक वाक्य दिवसातून किती वेळा ते मोजायचं ठरवलं होतं. सोडून दिलं.

वाईट माणूस नाहीत. मारलं नाही कधी, शिवी नाही, कॉलेजला पाठवलं, नोकरीला अडवलं नाही. म्हणूनच त्यांची किळस येते याची जास्त किळस येते.

अम्मी हे सात वर्षं करतेय. अब्बा कायमचे परत आले तेव्हापासून.

त्याआधी ते दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांसाठी यायचे. अम्मी कॅलेंडरवर यायच्या तारखेला बरोबरची खूण करायची, आणि जायच्या तारखेभोवती गोल. ते दोन महिने घरात बिर्याणी, पाहुणे, अत्तराचा वास, अम्मी पहाटेपासून उभी. मग ते जायचे आणि घर पुन्हा आमच्या तिघांचं. तेव्हा अम्मीकडे स्कूटर होती. निळी. खारघरमध्ये तेव्हा निम्मे रस्ते कच्चे होते. ती मला पुढे उभी करून, भाईला मागे बसवून बेलापूरपर्यंत जायची, बँकेत, लाइटबिलाला, भाईच्या शाळेत भांडायला. सोसायटीच्या पाण्याच्या मीटिंगमध्ये एकटी बाई उभी राहून बोलायची.

अब्बा परत आल्यावर पहिल्या महिन्यात स्कूटर विकली. 'आता मी हाय ना. तुना कशाला पाहिजे?' अम्मीने किल्ली दिली. किल्लीला प्लास्टिकचा मासा होता, तो तेवढा काढून घेतला. मी तेव्हा कॉलेजात होते. मला वाटलं, ठीकच आहे. जुनी झाली होती.

ते आज का आठवलं? माहीत नाही. बेसिन धुताना आठवलं.


३० सप्टेंबर

वैजयंतीकाकू लिफ्टमध्ये. रिटर्न तिकीट काढलं म्हणाल्या. मग हळूच, 'खदीजाताईंचं काय गं? कधी येतायत?'

'बघतोय आम्ही.'

'त्यांनाच विचार की. आमच्यात सगळे एकमेकांना विचारतात, म्हातारीला कुठे न्यायचं, कुठे ठेवायचं. म्हातारी बाजूलाच बसलेली असते.' त्यांचा मजला आला. जाता जाता, 'मी माझ्या सासूबद्दल बोलत होते हं!'


१ ऑक्टोबर

ठरवलं. आता अरसलान नाही, अब्बा नाही. थेट अम्मी.

९ ऑक्टोबरचं तिकीट मी काढून ठेवलं. तिला सगळं लिहून पाठवलं, मोठ्या अक्षरांत, एक एक ओळ सुटी:

'अम्मी, तुझा व्हिसा २०३३पर्यंत आहे. पण तुला राहायची परवानगी फक्त १२ ऑक्टोबरपर्यंत आहे. भाईने तुला हे सांगितलेलं नाही. त्याने तिकीट पुढे ढकललंय ते त्याच्या सोयीसाठी. तू बारानंतर राहिलीस तर व्हिसा रद्द होईल आणि अरमानला भेटायला पुन्हा जाता येईल की नाही सांगता येत नाही. पासपोर्ट तुझा आहे. तो मागून घे. नाही दिला तर मला सांग, मी त्याच्याशी बोलते. तिकीट सोबत जोडलंय. घाबरू नकोस.'

वाचला. दोन निळ्या खुणा.

उत्तर नाही.


३ ऑक्टोबर

अजून नाही. बतूलनेच मेसेज उघडून पुसला असेल. किंवा फोनच काढून घेतला असेल. या लोकांचं काही सांगता येत नाही.

अब्बांना तिकिटाचं सांगितलं. म्हणाले, 'येऊ दे बाबा. तुझ्या हातच्या डाळीला चव नाय.'

एवढंच! पाच महिने बायको नाही, आणि माणसाला आठवली ती डाळ. मी ताट उचललं आणि सिंकमध्ये ओतलं. त्यांचं अजून संपलं नव्हतं.


५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी अम्मीचा आवाजी मेसेज. जसा आहे तसा:

'अलिशा, बारा तारीख मना पहिल्या दिवसापासून माहीत हाय. तुझे अब्बा टेन इयर्स टेन इयर्स करत होते, तेव्हा त्या साहेबाला मीच विचारून घेतली. तिकीट मीच बदलायला लावलं. पासपोर्टपण मीच म्हटलं, तिजोरीत ठेव. हाताशी असता तर अब्बांचा एक फोन आला नि मी निघाले असते. मना माझा भरवसा नाय. अरसलानला सांगितलं, कोणी विचारलं तर स्वतःचं नाव सांग. घरचं सगळं तुझ्या अंगावर टाकून आले, म्हणून तुनाच सांगायला तोंड नव्हतं.

'अब्बा सुटीवर यायचे ना, तेव्हा मना त्यांची जायची तारीख माहीत असायची. आता तारीख नाय.

'मी येणार हाय. जानेवारीत येणार. चोरून नाय राहायचं मना. अर्ज अडलाय तो कारणापाशी. अरसलान म्हणतो, लिहू या नातवासाठी. मी नको म्हटलं. खोटं नाय लिहायचं.'

मागे पाण्याचा आवाज येतोय. तळं असावं.

९ तारखेचं तिकीट रद्द केलं. तिला लिहिलं:

'अम्मी, भाईला म्हणावं अर्ज माझ्याकडे पाठव, मी पुरा करते. मुदतवाढीचं कारण — एवढाच रकाना राहिलाय. तिथे काय लिहू ते तू सांग. बुधवारपर्यंत.'